एटी टायर, आठ महिने, १३,४०० किलोमीटर: नक्षी पक्की, कड कच्ची

जानेवारीत उसाच्या बुडख्यानं मागच्या डाव्या टायरची कड, म्हणजे साइडवॉल, अडीच इंच चिरली. विकताना "पाच वर्षं वॉरंटी, बिनधास्त फिरवा" म्हणणाऱ्या दुकानदारानं क्लेम नाकारला. म्हणून हे लिहायला बसलोय. डिसेंबरपर्यंत मी या टायरवर बेहद्द खूश होतो आणि काही बाबतीत अजूनही आहे.

गाडी फोर व्हील ड्राइव्ह कॅम्पर पिकअप. जूनच्या पहिल्या आठवड्यात २३५/७५ आर १५ मापाचे, एक्सएल (जादा भाराचे), लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो त्याचा आकडा) १०९ चे चार एटी टायर बसवले. एटी म्हणजे ऑल टेरेन, डांबर आणि रान दोन्हींसाठीचे. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट धरून ३६,४०० रुपये गेले. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला बोलायचंय ते बांधणीबद्दल, आणि अशी बांधणी बऱ्याच कंपन्यांच्या टायरांत असते. रोज भोगावतीकाठच्या गावातून गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जाऊन-येऊन ५२ किलोमीटर. सुट्टीच्या दिवशी रान. मागं दोनचाकी ट्रेलर, त्यावर शेणखत, वैरण, पाइप, जे असेल ते.

पहिला विचार बटन टायरचाच, म्हणजे चिखलासाठीच्या मोठ्या गट्ट्यांच्या टायरचाच, होता. चुलत्यांच्या जीपला आहेत, चिखलात ते खरंच भारी ओढतात. पण माझं नव्वद टक्के फिरणं डांबरावर. बटन टायरला रस्त्यावर टेकणारं रबर कमी आणि गट्ट्यांवर बारीक चिरा जवळपास नसतात, त्यामुळं ओल्या डांबरावर ब्रेकला गाडी लांब जाते. मग मागं दोन बटन, पुढं साधे असा स्वस्तातला मार्ग सुचला. तो मेकॅनिकनं हाणून पाडला आणि बरंच झालं. फोर व्हील टाकल्यावर पुढचा आणि मागचा ॲक्सल एकत्र जोडला जातो. टायरच्या उंचीत फरक असेल तर एक चाक दुसऱ्याला ओढत राहतं आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. फोर बाय फोरवाल्यांनी चारही टायर एकसारखेच ठेवावेत.

आधी गाडीला २१५/७५ आर १५ होते. नवे जवळपास तीन सेंटिमीटर उंच आहेत. म्हणजे काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६२ च्या वर असते, आणि त्याच हिशेबात चाकाची ओढ चारेक टक्के कमी होते. ट्रेलर लावून पुईखडीचा चढ चढताना हे कळतं. ॲव्हरेज साडेबारावरून ११.६ वर आलं. आवाज ७० च्या पुढं घोंगावतो. आठ हजारांवर पुढचे मागं, मागचे पुढं केल्यावर कमी झाला. याची मला फारशी तक्रार नाही.

पावसाळ्यात टायरनं पैसे वसूल केले. भोगावतीचं पाणी चढायला लागलं की काठावरच्या मोटरी वर काढायची घाई प्रत्येकाला माहीत आहे. जुलैत एका संध्याकाळी आमची आणि भावकीतल्या दोघांची, अशा तीन मोटरी ट्रेलरवर घालून मळीच्या रानातून वर काढायच्या होत्या. ३५ पीएसआय हवेवर चाकं जागच्या जागी फिरायला लागली. नक्षीत चिकणमाती गच्च बसली आणि टायर गुळगुळीत होऊन गेला. एटीच्या खाचा बटनाइतक्या रुंद नसतात, माती झटकली जात नाही. मग चारही चाकांची हवा २० वर आणली. टायर बसला, जमिनीला टेकणारा भाग लांबला आणि गाडी हळूहळू वर निघाली. टोचन लावायची वेळ आली नाही. तिथून माझा ठाम विश्वास बसला की ओढायला नक्षीपेक्षा हवा महत्त्वाची. २,२०० रुपयांचा बॅटरीवर चालणारा कंप्रेसर घेतला. डांबराला लागण्याआधी चारही टायर परत भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. भरलेच पाहिजेत, कारण कमी हवेवर पळवलं की कड सारखी दुमडते आणि टायर तापतो. ऑगस्टमध्ये धो-धो पावसात गगनबावड्यापर्यंत जाऊन आलो, एकदाही मागचा भाग सरकला नाही. भेटेल त्याला सांगत होतो, रानात शिरताना हवा कमी करा.

तो सल्ला आता अर्धा मागं घेतो.

जानेवारीत खालच्या रानातला ऊस तुटला. रान कोरडं, वाफसा कधीच उडालेला. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) भरून आणायला ट्रेलर आत घातला आणि सवयीनं हवा २२ वर आणली. आमची सरी साडेतीन फुटी. साडेचार फुटी सरीत दोन्ही बाजूची चाकं जवळपास सरीतच बसतात, पण इथं एक बाजू वरंब्याला घासत जाते, आणि ऊस असतो वरंब्यावर. टोळीनं ऊस वरून तोडलेला, बुडखे वीतभर ठेवलेले. कोयत्याचा घाव तिरका, त्यात आठवडाभर उन्हात वाळलेले. भाल्याच्या टोकासारखे होतात ते. हवा कमी असल्यानं टायरची कड बाहेर फुगलेली होती, ती बरोबर त्यांच्यावर गेली. आबा मागून चालत येत होते. त्यांनी हात करून थांबवलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "घासलं नाही रं, चिरलंय."

स्टेपनी जुनी २१५ ची होती, कारण जूनमध्ये पाचव्या टायरचे पैसे मी वाचवले होते. ती मागं लावली तर मागच्या दोन चाकांची उंची वेगळी, म्हणजे दोन चाकांना वेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल सगळा वेळ फिरत राहणार. म्हणून पुढचा चांगला टायर मागं घेतला, स्टेपनी पुढं लावली, फोर व्हील काढून टाकलं आणि ट्रेलर रानातच सोडून घरी आलो. दोन खोलाखोली, जॅक ढेकळात बसत होता, दीड तास गेला.

दुकानात दोन हेलपाटे, फॉर्म, फोटो, मग तपासणीसाठी बारा दिवस. उत्तर एका ओळीचं: बाहेरचा कट, उत्पादनातला दोष नाही. नियमानं ते बरोबर असेल. पण शेतात ओढायला घेतोय हे मी विकत घेताना तीनदा सांगितलं होतं. वॉरंटीत कट येत नाही हे तेव्हाच सांगायला काय हरकत होती?

घरी आल्यावर टायरवरचं लिखाण पहिल्यांदा नीट वाचलं. ट्रेडखाली पॉलिएस्टरचे दोन थर, स्टीलचे दोन, नायलॉनचा एक. साइडवॉलला पॉलिएस्टरचे फक्त दोन. म्हणजे स्टील सगळं नक्षीच्या खाली आहे आणि कडेला रबर आणि कापड. हे तिथं उठावाच्या अक्षरात छापलेलंच असतं. आपण सगळे नक्षीवरून हात फिरवतो, खाचेत नख घालून खोली बघतो, पण ही ओळ वाचत नाही. आमच्याकडचे उसाचे ट्रकवाले अजून नायलॉन का सोडत नाहीत, तेही आता समजतं. नायलॉन टायरचे तिरके थर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातात, त्यामुळं कड दणकट राहते. बदल्यात तो जास्त तापतो आणि लवकर झिजतो. रोज महामार्गावर फिरणाऱ्याला तो परवडणार नाही.

याच मापात एलटी (लाइट ट्रक) प्रकारचा, साइडवॉलला तीन थर असलेला एटी टायर मिळतो. नगामागं साधारण १,१०० रुपये जास्त. त्याचा लोड इंडेक्स १०४, म्हणजे एका टायरला ९०० किलो. माझ्या १०९ ला १,०३० किलो. आकडा कमी बघून जूनमध्ये मी तो बाजूला ठेवला होता. एका चाकावर माझा भार ७०० च्या वर कधी जात नाही, हे गणित तेव्हा केलं असतं तर चार टायरला ४,४०० जास्त देऊन आजचे १७,००० वाचले असते.

हे १७,००० म्हणजे त्याच जातीचे दोन नवे टायर. एकच नवा लावायचा नव्हता. दोन्ही नवे मागं लावले, एक जुना आता स्टेपनी आहे. जुन्यांची नक्षी साडेअकरा मिलिमीटरवरून ९.२ वर आलीय. या गतीनं टायर बदलायच्या १.६ च्या खुणेपर्यंत आणखी चाळीस हजार सहज चालतील, पण चिखलातली पकड अर्ध्या नक्षीलाच संपते. चिरलेल्या टायरला पंक्चरवाला गेटर, म्हणजे आतून जाड ठिगळ, मारून द्यायला तयार होता. "दादा, चालतंय की वर्षभर." कडेला मारलेल्या गेटरवर घरच्यांना बसवून ऐंशीनं पळायची माझी तयारी नाही. तो टायर गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलाय.

सध्या माझी पद्धत अशी: ओल्या रानात, जिथं बुडखे नाहीत तिथं, २० पीएसआय. तुटलेल्या उसाच्या फडात पूर्ण ३५, आणि गाडी घालण्याआधी जायच्या वाटेचे बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे. खोडवा ठेवणार असाल तर छाटावे लागतातच, फक्त ते काम आधी होतं. नदीकडच्या तुकड्यातला ऊस अजून उभा आहे, टोळी परवा येणार आहे. उद्या सकाळी कोयता घेऊन आबा आणि मी वाट करायला जातोय.