मीटरजवळची वायर बदलताना मी कसा फसलो

आमचे वाईचे घर जुने आहे. मीटर ओसरीवर आणि मेन स्विच माजघराच्या दारापाशी. या दोहोंमधली वायर माझ्या आजोबांच्या काळची, सात तारांची, रबरावर सुती वेष्टण असलेली आणि लाकडी पट्टीतून नेलेली होती. वेष्टण उंदरांनी कुरतडले होते आणि रबराला बोट लावले तरी त्याचा भुगा पडत असे. ती बदलणे आवश्यक होते, याविषयी माझे आजही दुमत नाही.

मार्च महिन्यात एके दुपारी एक गृहस्थ दारात आले आणि “बोर्डाकडून आलोय, मीटर तपासायचे आहे” असे म्हणाले. गळ्यातले ओळखपत्र उलटे लटकत होते. ते सरळ करून पाहण्याचा मला संकोच वाटला. पट्टीतली वायर पाहून त्यांनी मान हलवली. “काका, आता स्मार्ट मीटर बसणार. ही वायर दिसली की साहेब तुमची लाइनच तोडतील.” खांबापासून मीटरपर्यंतची सर्व्हिस वायर, तिथून मेन स्विचपर्यंत ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि मजुरी मिळून त्यांनी १८,५०० रुपये सांगितले. पावती मागितली तेव्हा “पावती घेतली तर जीएसटी लागेल” हे उत्तर मिळाले, आणि ते मला त्या वेळी सोयीचेही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांदेखत पकडीने मीटरच्या टर्मिनल कव्हरचे, म्हणजे वायरी जिथे स्क्रूने जोडतात त्यावरच्या झाकणाचे, सील तोडले. “आमचेच सील आहे, उद्या नवीन लावून देऊ,” असे ते म्हणाले. संध्याकाळपर्यंत भिंतीवर पांढरी पीव्हीसी पट्टी आली, नवा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आला, आणि काढलेली जुनी वायर “लहान मुले हात लावतील” म्हणून त्यांनी स्वतःच्या पोत्यात भरली. चहा घेऊन ते गेले.

जूनमध्ये पाण्याची मोटर आणि गिझर एकदम चालू असताना ओसरीवर जळका वास आला. पाहतो तर मीटरखालचे प्लास्टिक तपकिरी होऊन वाकले होते. वीज कंपनीच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवल्यावर लाइनमन आला. पुरवठा बंद करून त्याने वायरीचे टोक ब्लेडने खरवडले, तेव्हा तांबूस रंगाखाली पांढरा धातू दिसला. ती ॲल्युमिनियमची वायर होती, वर तांब्याचा पातळ मुलामा. पुढे मी उरलेला एक मीटर लांबीचा तुकडा सोलून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला. ६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याचे एक मीटरला साधारण ५४ ग्रॅम वजन भरायला हवे. काट्यावर २० ग्रॅम आले. ॲल्युमिनियमचा विद्युतरोध तांब्यापेक्षा दीडपटीहून अधिक असतो, शिवाय ते स्क्रूखाली हळूहळू दबून सांधा सैल होतो आणि सैल सांधा तापतो. आमच्या टर्मिनलचे नेमके हेच झाले होते.

सर्व्हिस वायरीची गोष्ट तर त्याहून साधी निघाली. ते गृहस्थ खांबावर चढलेच नव्हते. मीटरकडच्या शेवटच्या दोन मीटर लांबीवर त्यांनी नवी काळी टेप गुंडाळून नव्या क्लिपा ठोकल्या होत्या. मीटरपर्यंतची वायर वीज कंपनीची असते आणि तिची देखभालही तिनेच करायची असते, हे मला लाइनमनकडून कळले. (प्रत्यक्षात “वायर तुम्ही आणून द्या” असे ऐकावे लागते, हा वेगळा विषय.) मीटरनंतरचे काम मात्र आपले असते आणि ते परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यावे लागते, त्याने टेस्ट रिपोर्ट, म्हणजे तपासणीचा अहवाल, द्यायचा असतो.

सर्वांत मोठा मनस्ताप तुटलेल्या सीलचा झाला. मीटरशी छेडछाड करणे हा विद्युत कायदा २००३ प्रमाणे गुन्हा आहे आणि सील तुटलेले मीटर माझ्या नावावर होते. सुदैवाने माझा वीजवापर आधीच्या महिन्यांसारखाच होता आणि तक्रार मी स्वतः केली होती, म्हणून लेखी खुलासा घेऊन प्रकरण मिटले. सील कुणालाही तोडू देण्याआधी कार्यालयात अर्ज करून त्याची पोच घ्यायची असते, हे मी पासष्टाव्या वर्षी शिकलो.

जुन्या वायरीचा हिशोब मी उशिरा केला. मीटरपासून मेन स्विच १४ मीटर, म्हणजे फेज आणि न्यूट्रल या दोन वायरी मिळून २८ मीटर. त्या जाडीच्या सात तारांत सुमारे दोन किलो शुद्ध तांबे होते. ती मोड गृहस्थांनी पोत्यातून नेली, आणि तेही माझ्याकडून पैसे घेऊन. पोलिसांत अर्ज दिला आहे. त्या गृहस्थांचा फोन बंद लागतो.

नवे काम परवानाधारक ठेकेदाराने पावतीसह करून दिले. आयएसआय चिन्ह असलेले बंडल त्याने माझ्यासमोर उघडले, टोक खरवडून दाखवले आणि काढलेली वायर माझ्याच हाती दिली. ती परसात पडून आहे. भंगारवाला तिला ॲल्युमिनियमचाही भाव द्यायला तयार नाही.