अमर्यादित डेटा खिडकीपर्यंतच: नेटवर्क बदलल्यानंतरचे सहा महिने

गेल्या आठवड्यात गॅसवाला भरलेले सिलिंडर उंबऱ्याशी ठेवून उभा होता आणि माझी पत्नी मोबाइल डोक्याच्या वर धरून स्वयंपाकघरातून अंगणाकडे निघाली होती. सिलिंडर ताब्यात घेताना जो कोड सांगावा लागतो तो तिच्याच क्रमांकावर येतो. सकाळपासून तो आलेला नव्हता, आणि ती उंबरा ओलांडून बाहेर पडताच तो बँकेच्या आणि विम्याच्या चार संदेशांसह एकदमच येऊन पडला. गॅसवाला सज्जन आहे, तो एवढेच म्हणाला, "वहिनी, पुढच्या वेळेपासून मीच गेटातून हाक मारीन, तुम्ही फोन घेऊन बाहेरच या." जुलै २०२५ मध्ये घरातील तीन मोबाइल क्रमांक स्वस्त आणि अमर्यादित डेटाच्या योजनेसाठी दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा निर्णय माझा होता, त्यामुळे हे वाक्य मला उद्देशून नसले तरी मलाच लागले.

दोन्ही कंपन्यांची नावे मी मुद्दाम लिहीत नाही. आम्ही साताऱ्याच्या जुन्या पेठेत राहतो. माझ्या गल्लीतील टॉवरचा गुणदोष तुमच्या गल्लीला लागू होईलच असे नाही, आणि नाव लिहिले की वाचणारा अनुभव बाजूला ठेवून कंपनीची बाजू घेऊन भांडू लागतो.

नेटवर्क बदलण्याचे कारण साधे होते. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हापासून प्रत्येक रिचार्जच्या दिवशी माझी चिडचिड होत असे. माझा स्वतःचा, पत्नीचा आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुलाचा असे तीन क्रमांक होते, आणि गावाकडे आईचा चौथा. नव्या कंपनीच्या ८४ दिवसांच्या योजनेत दर क्रमांकामागे शंभर रुपये कमी पडत होते आणि शिवाय ५जी अमर्यादित मिळणार होते. वर्षाला ८४ दिवसांचे साधारण ४.३५ रिचार्ज होतात, म्हणजे तीन क्रमांकांवर तेराशे रुपयांची बचत, हा हिशेब मी वहीत मांडला आणि मला स्वतःच्या व्यवहारीपणाचे कौतुक वाटले. ज्यांना हे कौतुक अनाठायी वाटेल त्यांनी एकदा २८ दिवसांच्या 'महिन्या'चा हिशेब करून पाहावा. बारा महिन्यांच्या वर्षात तेरा वेळा रिचार्ज करायला लावणारी ही दिनदर्शिका कोणत्याही पंचांगात सापडत नाही. दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला ३० दिवसांची किमान एक योजना ठेवायला लावली, पण दुकानातील फलकावर ती मला आजवर दिसलेली नाही.

क्रमांक नेण्याच्या प्रक्रियेबद्दल तक्रार नाही. १९०० या क्रमांकावर 'पोर्ट' लिहून पुढे आपला क्रमांक पाठवला की आठ अक्षरी-आकडी कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. तो आधारसह दुकानात द्यायचा, छायाचित्र काढून घ्यायचे, आणि एकाच सर्कलमध्ये, म्हणजे एकाच दूरसंचार विभागात, असल्यास तीन कामकाजाच्या दिवसांत नवे सिम सुरू होते. मुख्य अट अशी की सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत आणि कसली थकबाकी नसावी. कोड मागितल्यापासून अर्ध्या तासात जुन्या कंपनीतून एका मुलीचा अत्यंत गोड आवाजात फोन आला आणि तिने मला जवळजवळ नव्या कंपनीच्याच दरात योजना देऊ केली. चौदा वर्षांच्या जुन्या ग्राहकाला हा दर आधी का आठवला नाही, असे मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की सर, ही ऑफर फक्त जाणाऱ्यांसाठी असते. मी फोन ठेवला. माझा क्रमांक ९८२२ ने सुरू होतो आणि साताऱ्यात असा क्रमांक म्हणजे जुन्या मोबाइलधारकाची खूण समजली जाते. तो क्रमांक तसाच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे, पण तिचा उपयोग करायला मला इतकी वर्षे लागली.

एक चूक मात्र माझी, आणि ती पैशाची असल्यामुळे सविस्तर सांगतो. क्रमांक दुसरीकडे गेला की जुन्या रिचार्जचे उरलेले दिवस आणि खात्यातील शिल्लक बुडते. हे मला माहीत होते, तरीही उत्साहाच्या भरात मी माझा क्रमांक १९ दिवस शिल्लक असताना नेला. दिवसाला ११ रुपये धरले तरी २०९ रुपये मी स्वतःच्या हाताने सोडले. पत्नीचा आणि मुलाचा क्रमांक नेताना मी मुदतीचे शेवटचे तीन दिवस उरेपर्यंत थांबलो. तुम्हीही थांबा, फक्त पहिल्या दिवशी बँकेचे संदेश येत नाहीत हे गृहीत धरून त्या दिवशी कोणाला पैसे पाठवण्याचे कबूल करू नका. मोबाइलवरून पैसे पाठवण्याच्या ॲपला नव्या सिमवरून पुन्हा ओळख पटवून द्यावी लागते, आणि माझ्या फोनवर ते दुसऱ्या दिवशी दुपारनंतरच जमले.

पहिला महिना आनंदात गेला. मुलगा दिवसाला सहा-सात जीबी वापरतो असे त्याच्या फोनने सांगितले आणि मला ते रुपयांत फुकट पडत होते. तो डोंगराएवढे व्हिडिओ पाहून अभ्यास करतो असे म्हणतो. त्यावर मी भाष्य करणार नाही. वसतिगृहाच्या खोलीत त्याला ५जी पूर्ण मिळते आणि त्याच्या बाबतीत ही योजना जाहिरातीत म्हटल्याप्रमाणेच आहे. मी तेव्हा दोन शेजाऱ्यांना आणि एका भाच्याला क्रमांक बदलायला लावले होते, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता स्वयंपाकघर. आमचे घर म्हणजे एका जुन्या वाड्याचा उरलेला मागचा भाग आहे. भिंती काळ्या दगडाच्या, दीड फूट जाडीच्या. ओट्यापासून अंगणाकडच्या खिडकीपर्यंत साडेतीन हात अंतर आहे. खिडकीच्या कट्ट्यावर फोन ठेवला तर ५जी दिसते, ओट्यावर ठेवला तर ते जाते, आणि मधल्या पाटापाशी ठेवला तर फोनला ते आहे की नाही हेच ठरवता येत नाही. पत्नी स्वयंपाक करताना कीर्तने ऐकते आणि पाककृती पाहते. 'अमर्यादित' हा शब्द फक्त ५जी साठी आहे; फोन ४जी वर उतरला की वापर रोजच्या दोन जीबीतून कापला जातो. हे योजनेच्या वर्णनात लिहिलेले असते आणि मी ते वाचलेही होते. पण आपल्या घरात ५जी कुठपर्यंत पोहोचते हे कोणत्या वर्णनात लिहिलेले असणार? दुपारी चारच्या सुमारास तिला निम्मा डेटा संपल्याचा संदेश येतो, रात्री कीर्तनकार अभंगाच्या मध्यावर थांबतो, आणि त्यानंतर जो वेग उरतो त्यावर छायाचित्रही धड उघडत नाही. मध्यरात्री बारा वाजता नवे दोन जीबी मिळतात, तेव्हा घरातील सगळे झोपलेले असतात.

मी सात दिवस वहीत नोंदी केल्या: फोन कुठे ठेवला, वर कोणते चिन्ह दिसले, किती डेटा कापला गेला. सातपैकी पाच दिवस डेटा रात्री नऊच्या आत संपला. पत्नीने या वहीला 'खिडकीची वही' असे नाव दिले आणि पाहुण्यांना ती दाखवू लागली.

तक्रारीसाठी १९८ क्रमांक असतो. तेथे तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला, आणि दुसऱ्या दिवशी 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे' असा संदेश आला. निराकरण कोणी, कसे आणि कोणाचे केले हे कळले नाही. मी कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे अपील केले, कारण दूरसंचार नियामक एकट्या ग्राहकाची तक्रार स्वतः हाताळत नाही आणि तक्रारीच्या उत्तराने समाधान झाले नाही तर अपिलासाठी ३० दिवस असतात. अपिलानंतर मात्र एका अभियंत्याचा फोन आला आणि तो सरळ बोलला. नियामकाने सांगितल्यावरून कंपन्या आपल्या संकेतस्थळावर कव्हरेजचा नकाशा ठेवतात; त्यात आमचे घर ५जी च्या रंगात रंगवलेले आहे, हे मी त्याला दाखवून दिले. तो म्हणाला, "काका, नकाशा रस्त्याचा असतो, ओट्याचा नसतो." ५जी चा मोठा भाग ज्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो त्या लहरी जाड भिंतीतून फारशा आत जात नाहीत, कमी वारंवारतेच्या लहरी जातात, आणि आमच्या दगडी भिंतीला त्याच्याकडे उपाय नाही, हे त्याने पाच मिनिटांत समजावून सांगितले. हे पाच मिनिटांचे बोलणे दुकानदाराने सिम देताना केले असते तर वही वाचली असती.

त्यानेच सुचवलेला एक उपाय लागू पडला आणि माझे मत तिथे थोडे बदलले. फोनच्या सेटिंगमध्ये ५जी ऐवजी ४जी पक्के करून ठेवले की फोन दोन्हींमध्ये उड्या मारणे थांबवतो. तसे केल्यावर ओट्यावरही संभाषण तुटेनासे झाले, संदेश वेळेवर येऊ लागले आणि बॅटरी रात्रीपर्यंत टिकू लागली. म्हणजे नव्या कंपनीचे ४जी आमच्या घरात जुन्या कंपनीइतकेच चांगले आहे, किंबहुना मागच्या खोलीत थोडे अधिकच, हे मला मान्य करावे लागते. पण ४जी पक्के केले की अमर्यादित डेटा गेला, आणि ज्यासाठी क्रमांक नेला तेच उरले नाही. परिणामी पत्नी सकाळी ४जी ठेवते, दुपारी कीर्तनासाठी ५जी सुरू करून फोन खिडकीत नेते, आणि पुन्हा बदलायला विसरते. गॅसचा कोड अडकला तो अशाच विसरलेल्या दिवशी.

याच सुमारास एक गोष्ट उघडकीस आली, जी लिहायची की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. माझा स्वतःचा फोन २०१९ मधला आहे आणि त्यात ५जी नाहीच. सहा महिन्यांपैकी जवळजवळ साडेपाच महिने मी अमर्यादित ५जी चे पैसे भरत होतो, ते वापरण्याची सोय माझ्या हातातील यंत्रात नसताना. मुलाच्या लक्षात हे पहिल्याच आठवड्यात आले होते. तो म्हणतो की मी इतका आनंदात होतो की त्याला सांगवले नाही. माझा रोजचा वापर पाऊण जीबीच्या वर जात नाही. आता मी त्याच कंपनीच्या कमी डेटाच्या योजनेवर उतरलो आहे आणि मला काहीही कमी पडलेले नाही.

दिवाळीत आम्ही पाटण तालुक्यात गावी गेलो. तेथे खोऱ्यात नव्या कंपनीचे चिन्ह घाटाच्या वळणानंतर दिसेनासे होते आणि आईच्या साध्या बटणांच्या फोनवर, ज्यात अजून जुन्याच कंपनीचे सिम आहे, आवाज खणखणीत येतो. चार दिवस आम्ही तिघे शुभेच्छांचे फोन आईच्या फोनवरून करत होतो. आई दर फोननंतर विचारायची, "पैसे तुझे गेले का माझे?" तिच्या क्रमांकाचा रिचार्ज मीच करतो, आणि तो करताना इतकी वर्षे रोज दीड जीबी डेटा असलेली योजना घेत आलो आहे, हे तिच्या प्रश्नामुळे माझ्या ध्यानात आले. तिच्या फोनला इंटरनेटच नाही. नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे आणि एसएमएस असलेल्या स्वतंत्र योजना बंधनकारक केल्या, आणि जानेवारी २०२५ पासून त्या मिळतात. पण त्या ॲपच्या पहिल्या पानावर नसतात, शोधाव्या लागतात. आईला अशा योजनेवर नेले आणि ८४ दिवसांच्या एकाच रिचार्जमध्ये साडेतीनशेच्या आसपास रुपये वाचले. त्यासाठी ना कंपनी बदलावी लागली, ना सिम.

वहीतील शेवटचा हिशेब असा आहे. तीन क्रमांकांवर दोन-दोन रिचार्जमध्ये वाचलेले रुपये ६००, माझ्या बुडालेल्या १९ दिवसांचे २०९ वजा, पत्नीने रात्री डेटा संपल्यावर घेतलेल्या वीस रुपयांच्या नऊ पॅकचे १८० वजा, शिल्लक २११. जी बचत मी तेराशेची सांगत सुटलो होतो ती अर्ध्या वर्षात साडेसहाशेपर्यंत यायला हवी होती. भाच्याला हे आकडे मी अद्याप दाखवलेले नाहीत.

मुलगा नव्या कंपनीतच राहणार आहे आणि त्याने राहावे. मीही राहीन, कारण ४जी ची छोटी योजना मला पुरते आणि पुन्हा दुकानात जाण्याचा कंटाळा आहे. पत्नीचा क्रमांक परत जाणार आहे. तिचे ९० दिवस केव्हाच भरले आहेत. जुन्या कंपनीचे ५जी ओट्यापर्यंत पोहोचेल अशी माझी अपेक्षा नाही, पण त्या मुलीने सांगितलेली जाणाऱ्यांची ऑफर परत येणाऱ्यांनाही मिळते का हे विचारायचे आहे. यासाठीच डिसेंबरअखेरीस पत्नीचा रिचार्ज ८४ ऐवजी २८ दिवसांचा केला, जो दिवसाच्या हिशेबाने महाग पडतो आणि तेही मी वहीत लिहिले आहे. तो २२ तारखेला संपतो. १९ तारखेला कोड मागवीन, आणि तोपर्यंत गॅस नोंदवायचा नाही असे घरात ठरले आहे.