पाणी चढलं तर काय उचलाल? रीपर नव्या कॉम्प्युटरवर नेताना

आम्ही सांगलीच्या गावभागातले. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांवर गेलं की काय माळ्यावर टाकायचं आणि ४५ ओलांडलं की काय सोडून निघायचं, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५७ च्या घरात गेलं, तेव्हा मी पेटी, तंबोरा आणि कॉम्प्युटरचा डबा एवढंच घेऊन जिना चढलो होतो. बायकोने विचारलं, "आणि धान्य?" तो विषय घरात अजून मिटलेला नाही.

तोच डबा शेवटी बदलला. चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे इलाजच नव्हता. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी मागच्या खोलीत भजनी मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. गणपतीत आरत्या, निवडणुकीत प्रचाराची गाणी. सगळ्या पक्षांना मी चालतो, फक्त वेळा लांब-लांबच्या द्याव्या लागतात.

डबा जोडून देणारा पोरगा म्हणाला, "काका, जुनी डिस्क क्लोन करून देतो, सगळं जसंच्या तसं." नको म्हटलं. अकरा वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला? शिवाय विकतचे बरेच प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे जोडप्रोग्राम, मशीन ओळखून बसलेले असतात. मदरबोर्ड बदलला की क्लोन असो नाहीतर आणखी काही, ते परवाना पुन्हा मागतातच.

आता रीपर. गाणी ऐकायचं विनॲम्प ज्याने लिहिलं त्या जस्टिन फ्रँकेलच्या कॉकॉस कंपनीचं हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. इन्स्टॉलर २० एमबीही भरत नाही. जुन्या मशीनवर ऑप्शन्समधून प्रेफरन्सेसमध्ये गेलो. तिथे जनरलच्या पानावर 'एक्स्पोर्ट कॉन्फिगरेशन' असं बटण आहे. शॉर्टकट, मेनू, रंग, ट्रॅक टेम्प्लेट, एफएक्स चेन (आवाजावर एकामागोमाग लावलेल्या प्लगइनची साखळी), जे हवं त्यावर टिक करायची, सगळ्याची मिळून एक फाइल बनते. पेनड्राइव्हवर घेतली, नव्या मशीनवर रीपरच्या खिडकीत ओढून टाकली, बंद करून पुन्हा उघडलं. माझं सहा माइकचं भजनाचं टेम्प्लेट जागेवर. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीचा घुमारा आवरायला तीन वर्षं घासून बसवलेली चेनही जागेवर. परवाना म्हणजे एक छोटी की, ती दिली की झालं. गॅसवर ठेवलेला चहा उतू जायच्या आत काम आटोपलं, हे मी हिशेबी माणूस म्हणून सांगतोय.

परवान्याचं वागणंही मला सभ्य वाटतं. घरगुती वापराला ६० डॉलर, आणि माणूस एकच असेल तर तो एका वेळी एक या हिशेबाने कितीही मशीनवर वापरू शकतो. जुनं मशीन आधी 'सोडवून' आणा वगैरे भानगड नाही. ज्यांनी घेतलेलंच नाही त्यांना ६० दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं.

बाकीच्या प्लगइन मंडळींना मात्र चार दिवस लागले. व्हीएसटी३ जातीचे प्लगइन पुन्हा इन्स्टॉल केले की आपापल्या ठरलेल्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, त्यांची चिंता नाही. जुने फुकटातले डीएलएल फाइलचे प्लगइन नुसते कॉपी करून चालले. फक्त त्यांचं फोल्डर रीपरला दाखवून पुन्हा स्कॅन करावं लागलं. त्यातला एक रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला देवळातल्यासारखा घुमारा देणारा, ३२ बिटचा आहे, बहुतेक माझ्या पेटीच्या वयाचा, तोही रीपरने मधे पूल टाकून चालवून घेतला. आयलॉकचं डाँगल, म्हणजे परवाने सांभाळणारी यूएसबीची काडी, इकडून उपसलं, तिकडे खोचलं. पण व्हायोलिनच्या आवाजांच्या एका महागड्या लायब्ररीने रडवलं. कंपनीचं नाव घेत नाही. दोनच मशीनची परवानगी, त्यातली एक २०२१ मध्ये मेलेल्या हार्डडिस्कबरोबर गेली होती आणि दुसरी या जुन्या डब्यावर अडकलेली. मेल केली, उत्तराला सहा दिवस. उत्तर काय, तर "आपण जुन्या कॉम्प्युटरवरून लॉगआउट केले आहे का?" केलं असतं तर मेल कशाला केली असती, बाबा? म्हणून एक कळकळीची सूचना: जुनं मशीन पोराला देण्याआधी, फॉरमॅट मारण्याआधी, प्रत्येक विकतचं सॉफ्टवेअर तिथे डीॲक्टिव्हेट करा. मी तर जुना डबा महिनाभर वायरसकट टेबलाखाली ठेवला.

रीपरमध्ये एक गोष्ट अडली, तिचा दोष माझ्याकडे जातो. प्रोजेक्टची फाइल म्हणजे नुसती वही असते. आवाज कुठे ठेवलाय त्याचा पत्ता तिच्यात लिहिलेला असतो. 'सेव्ह ॲज' करताना मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायची टिक असते. ती मी वर्षानुवर्षं केलीच नव्हती. त्यामुळे निम्म्या जुन्या प्रोजेक्टांनी उघडताक्षणी विचारलं, फाइल कुठंय? एका आजोबांचा अभंग होता. ते आता नाहीत. त्यांचा सगळ्यात चांगला टेक डेस्कटॉपवर 'उद्या नीट ठेव' नावाच्या फोल्डरमध्ये सापडला. ते 'उद्या' सात वर्षं लांबलं होतं. जुनी डिस्क शाबूत होती म्हणून निभावलं. मग दोन दिवस बसून एकेक प्रोजेक्ट त्या टिकेसह पुन्हा सेव्ह केला.

तंबोऱ्याच्या बाबतीत मात्र आधीच शहाणपण सुचलं होतं. माझा तंबोरा मिरजेच्या सतारमेकर गल्लीतला. त्याच्या चारही तारा, पंचम, दोन जोड आणि खर्ज, मी वेगवेगळ्या रेकॉर्ड करून रीपरच्याच सॅम्पलरमध्ये (रेकॉर्ड केलेले सूर वाद्यासारखे वाजवणारं प्लगइन) बसवल्यात, म्हणजे पावसाळी हवेत भोपळा रुसला तरी काम अडत नाही. हे सगळे आवाज डी ड्राइव्हवर होते. नव्या मशीनवर एकच एक टीबीची एसएसडी, तरी तिचे दोन भाग करून दुसऱ्याला मुद्दाम डी हेच अक्षर दिलं आणि फोल्डरांची नावंही तीच ठेवली. पत्ता तोच राहिला, तारा बोलल्या.

कॉपी करायला वेळ धरून चाला. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झला एक माइक मिनिटाला साधारण ८ एमबी खातो, म्हणजे सहा माइकवरचं तासाभराचं भजन तीन जीबीच्या आसपास. माझे ३८० जीबी जुन्या यूएसबी २ च्या डबीतून यायला साडेतीन तास लागायचे होते. मधे लाइट गेली. यूपीएस होता, तरी देवाचं नाव घेतलंच.

साउंड कार्डाचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घ्या आणि रीपरमध्ये एसिओ हा कमी उशिराचा ड्रायव्हर निवडा, नाहीतर गाणाऱ्याला स्वतःचा आवाज मागून ऐकू येतो आणि तो ठेका सोडतो. जुन्यावर बफर, म्हणजे एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा, ५१२ सॅम्पलच्या खाली आणला की चरचर व्हायची. आता १२८ वर, म्हणजे तीन मिलिसेकंदांच्या आत, बिनतक्रार चालतं.

उणं काय? वाद्यांचे आवाज रीपरबरोबर येत नाहीत, ते तुमचे तुम्ही जमवायचे. मेनू म्हणजे गणपती पेठेतला बाजाराचा दिवस. दिसायला तर अगदीच राखाडी.

गुरुवारी मंडळ आलं. दोन अभंग झाले, ऐकून झाले. पखवाजवाल्याने स्क्रीनकडे बघत चिवडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "काका, तुम्ही नवा कॉम्प्युटर घेणार होता ना?"