कोरं तिकीट की शिक्क्याचं पाकीट?

भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंचं टपाल तिकीट 1996 साली निघालं, देवधर, मर्चंट आणि विनू मंकड यांच्यासोबत चौघांच्या संचात. इंदूरच्या मराठी घरात कुणी खेळांची तिकिटं जमवायला लागलं की पहिल्या पानावर बहुधा हेच येतं. माझ्या भाचीचंही तसंच झालं. पुढच्या पानावर मात्र ती अडली. "मामा, कोरी तिकिटं घेत जाऊ की पाकिटं?" नुकती नोकरीला लागलीय, महिन्याला थोडे पैसे या नादावर घालायची तयारी आहे, पण खोलीत कपाट एकच.

कोऱ्या, म्हणजे न वापरलेल्या, तिकिटाची बाजू सरळ आहे. छापील किमतीला मिळतं, जागा खात नाही, चार जोडलेल्या तिकिटांचा ब्लॉक घेतला तर पान भरल्यासारखं दिसतं. नायडूंच्या तिकिटासारखं व्यक्तीवरचं तिकीट असेल तर मी डोळे झाकून कोरंच घ्या म्हणेन, कारण त्यात चेहरा महत्त्वाचा असतो, तारीख नाही. त्रास एकच, मागचा डिंक. पावसाळ्यात हवा दमट झाली की तो कागदाला धरतो आणि मग सोडवताना तिकिटाचं सालपट निघतं. हिंज, म्हणजे छोटी कागदी चिकटपट्टी, लावून चिकटवलं तरी डिंकावर डाग राहतोच, आणि पुढे कधी विकायला गेलात तर समोरचा आधी उलटं करून बघतो.

स्पर्धेचं तसं नाही. तिला दिवस असतो आणि मैदान असतं. कोऱ्या तिकिटावर या दोन्हींपैकी काही उमटत नाही. म्हणून लोक फर्स्ट डे कव्हरकडे, म्हणजे नवं तिकीट लावून शिक्का मारलेल्या छापील पाकिटाकडे, वळतात, आणि इथेच बरेच जण फसतात. त्यावरची तारीख तिकीट निघाल्याची असते, सामन्याची असेलच असं नाही. 1982 च्या दिल्ली एशियाडची तिकिटं 1981 पासूनच टप्प्याटप्प्याने निघत होती. ती पाकिटं सुंदर आहेत, पण सुरुवातीच्या पाकिटांवरच्या तारखेला त्या एशियाडचा शुभंकर अप्पू हत्ती अजून मैदानात आलेलाही नव्हता. याउलट 1951 चं पहिलं एशियाड बघा. दोन आणे आणि बारा आणे अशी दोन तिकिटं, 4 मार्चला निघाली, त्याच दिवशी दिल्लीत स्पर्धा सुरू झाली. त्या तारखेचा नवी दिल्लीचा शिक्का असलेलं पाकीट म्हणजे एकाच कागदावर दोन्ही गोष्टी. सचिनचंही तसंच जुळलं. वीस-वीस रुपयांची दोन तिकिटं आणि मिनिएचर शीट (तिकिटं छापलेला छोटा सजवलेला कागद) 14 नोव्हेंबर 2013 ला निघाली, वानखेडेवर त्याच्या दोनशेव्या कसोटीचा तो पहिला दिवस. (सीके इंदुरात गेले ते 14 नोव्हेंबरलाच, 1967 साली. जमवणाऱ्याला असे योगायोग फार गोड लागतात.) त्यामुळे सचिनचं एकच काही घ्यायचं असेल तर शीटपेक्षा मुंबईच्या शिक्क्याचं पाकीट घ्या. शीट भाव वाढेल म्हणून दहा-दहा घेऊन ठेवणारे मी पाहिलेत. सगळ्यांकडेच आहे म्हटल्यावर घेणार कोण?

तिसरा पर्याय स्पेशल कव्हर. नवं तिकीट काढायचं तर निर्णय दिल्लीत होतो, पण स्पेशल कव्हर आपल्या राज्याचं टपाल सर्कल काढतं, मध्य प्रदेशचं कार्यालय भोपाळला. आयोजक अर्ज करतात, छापील पाकीट आणि खास शिक्का मंजूर होतो, आणि तो शिक्का त्या दिवसापुरताच. वर तिकीट चालू असलेलं कुठलंही लागतं. स्थानिक स्पर्धेची आठवण हवी असेल तर याला तोड नाही. शिवाय आपलं साधं पाकीट नेऊन त्यावरही शिक्का मारून घेता येतो. अट एवढीच की त्या दिवशी तिथे उभं राहायला हवं. नोकरीवाल्या माणसाला हे जड जातं, भाचीलाही जाईल.

आणि माझा लाडका प्रकार, ज्याला कुठलीही मंजुरी लागत नाही: सामन्याच्या दिवशी स्वतःच्या पत्त्यावर टाकलेलं साधं पाकीट. 31 मार्च 2001 ला इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर सचिनने वनडेतल्या दहा हजार धावा पुऱ्या केल्या. शनिवार होता, पोस्ट उघडं होतं, आणि मी सकाळपासून घरी टीव्हीसमोर पोहे खात बसलो होतो. एक पाकीट टाकायचं सुचलं नाही, ते अजून डाचतं. 8 डिसेंबर 2011 ला मात्र होळकर स्टेडियमवर जाण्याआधी सकाळी जीपीओत पाकीट दिलं, नायडूंचं तिकीट लावून, वर टपालखर्चापुरती साधी तिकिटं. संध्याकाळपर्यंत सेहवागच्या 219 झाल्या होत्या. दोन दिवसांनी पाकीट घरी आलं, एक कोपरा दुमडलेला, शिक्का जरा तिरका. मी ते कुणाच्या कोऱ्या करकरीत ब्लॉकशी बदलणार नाही. तुम्ही टाकलंत तर आत पोस्टकार्डाच्या जाडीचा पुठ्ठा घाला आणि खिडकीवरच्या माणसाला हात जोडून सांगा, "साहेब, शिक्का साफ मारा." बहुतेक जण मारतात.

परदेशी स्पर्धांबद्दल थोडक्यात. साठ-सत्तरच्या दशकांतली अजमान, फुजैरा, उम्म अल कुवैन या आखातातल्या छोट्या अमिरातींची ऑलिंपिकची रंगीबेरंगी तिकिटं ढिगाने स्वस्त मिळतात. उलटून बघा: वर शिक्का आणि मागे डिंक शाबूत असेल तर ते पत्रावरून कधी गेलेलंच नाही. मुलांना खेळायला द्यायला छान.

राहिलं कपाट. पाकिटांना जागा लागते, हे खरंच आहे. आणि स्टेशनरीच्या दुकानातले वास येणारे प्लास्टिकचे खिसे घेऊ नका. माझी सहा पाकिटं एका पावसाळ्यात त्यात चिकटली, एकाचा रंग दुसऱ्यावर उतरला. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे मागा, थोडे महाग पडतात.

भाचीला मी सांगितलं: माणसांची तिकिटं कोरी, एकेकच. स्पर्धेचं पाकीट, पण तारीख जुळत असेल तरच. आणि इंदुरात सामना असेल त्या दिवशी ऑफिसला जाताना एक पाकीट. तिने विचारलं, "मामा, त्यावर पत्ता तुमचा टाकू की माझा?"