वाचा-श्रवणशास्त्र : ऑनलाइन पदवी की प्रत्यक्ष?
लातूर-परभणीकडच्या विद्यार्थ्याला बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींच्या या शास्त्रातली परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी नोकरी सांभाळून घेता येते आणि तिच्यात ध्वनिशास्त्र, कानाची रचना, भाषाविकास हे विषय नीट शिकता येतात. ‘काका’ऐवजी ‘ताता’ म्हणणारे मूल जिभेची मागची बाजू न उचलता टोक दातांना लावते, हे ध्वनिमुद्रण ऐकूनही उमगते. मात्र अमेरिकेतसुद्धा ही पदवी पहिली पायरीच ठरते, कारण तिथे वाचा-उपचारतज्ज्ञ होण्यासाठी पदव्युत्तर पदवी लागते.

आपल्याकडची बीएएसएलपी ही वाचा-श्रवणशास्त्राची प्रत्यक्ष पदवी बारावी विज्ञानानंतर, एक वर्षाच्या इंटर्नशिपसह, चार वर्षांची आहे. त्यासाठी मुंबईच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण संस्थेसारख्या ठिकाणी राहावे लागते आणि तो खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला (सोयाबीनचा भाव पडलेल्या वर्षी तर) झेपत नाही. तरीही उपचारच करायचे असतील तर मी हीच पदवी सुचवेन. श्रवणचाचणीत हेडफोन लावलेले बिचकलेले पोर बोट वर करते ते आवाज ऐकून की आईचा चेहरा पाहून, हे समोर बसल्याशिवाय कळत नाही. शिवाय १९९२ च्या कायद्याप्रमाणे या व्यवसायासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. दिव्यांग मुलांना शिकवणाऱ्या विशेष शिक्षकाला मात्र ऑनलाइन अभ्यासक्रम वर्गात पुष्कळ कामी येईल.