जुनं वर, नवं खाली: ऑफिसच्या कपड्यांसाठी जुना बाजार, फॅशन स्ट्रीट आणि अल्टरवाला

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. हत्यारं, जुनी नाणी, घड्याळं बघायला लोक तिथे जातात आणि कपड्यांचे ढीग ओलांडून पुढे सरकतात. ऑफिसचा शर्ट हवा असेल तर थांबायचं नेमकं त्या ढिगांपाशी. बोहारणी भांड्यांच्या बदल्यात घराघरांतून जे कपडे नेतात, त्यातले बरे कपडे धुऊन, इस्त्री मारून अशा बाजारांत येतात. फाटका कपडा बोहारीण मुळात घेतच नाही. त्यामुळे ढिगात अंगाला होईनासे झालेले, भेट मिळून न आवडलेले शर्ट बरेच निघतात, आणि त्यांचं कापड आजच्या स्वस्त नव्या शर्टापेक्षा अनेकदा सरस असतं.

शर्ट, सुती कुर्ते आणि जमलं तर ब्लेझर एवढंच इथून घ्यावं. पॅन्ट घेऊ नये. पुण्यात निम्मं आयुष्य दुचाकीवर जातं, आणि पॅन्ट झिजते ती सीटवर बसून आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला घासून. टेबलावर घडी घातलेली असते तेव्हा हे दिसत नाही. उजेडासमोर धरली की कापड जाळीसारखं विरळ झालेलं कळतं. गडद टेरिवूलला सुती फडकं न ठेवता वर्षानुवर्षं इस्त्री मारलेली असेल तर बसायच्या जागी चकाकी येते, आणि ती पुन्हा जात नाही. म्हणून वरचा कपडा जुना चालेल, खालचा नवाच हवा.

शर्ट तपासताना सगळ्यात आधी कॉलर. इस्त्रीने ती कडक दिसते, पण दोन बोटांत वाकवून चोळून पाहा. वरचं कापड आतल्या बुक्रमपासून, म्हणजे कडक अस्तरापासून, सुटून फुगत असेल तर शर्ट परत ठेवा. आतलं चिकटवलेलं अस्तर आणि वरचं कापड धुण्यात कमीजास्त आटलं की गोंद सुटतो. इस्त्रीने फुगवटा तात्पुरता बसतो, पहिल्या धुण्यात पुन्हा वर येतो. नुसती घडीवर विरलेली कॉलर असेल तर मात्र शर्ट सोडू नका. शिंपी ती पट्टीपासून उसवून उलटी लावून देतो आणि आतली कोरी बाजू वर येते. कॉलरच्या टोकांना काज असतील किंवा खालच्या बाजूला प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालायचे कप्पे असतील तर ही युक्ती चालत नाही, कारण उलटल्यावर तेच दर्शनी बाजूला येतात.

मग शर्ट आतून उलटा करून काखा बघा. तिथला पिवळा, कडक डाग घाम आणि घामविरोधी रोलऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार मिळून तयार होतो. विक्रेता 'ब्लीचने जाईल' म्हणतो. ब्लीचने तो बहुधा अधिक गडद होतो. याच कारणासाठी पांढरा शर्ट कायम नवा घ्यावा.

ट्रायल रूम अर्थातच नाही, तेव्हा अंगाला नीट बसणाऱ्या एका शर्टाची चार मापं चिठ्ठीवर लिहून टेप खिशात ठेवा: शोल्डर, छाती, उंची, बाही. यातला शोल्डर सगळ्यात महत्त्वाचा. दोन्ही खांद्यांच्या शिवणींमधलं अंतर अर्ध्या इंचाने इकडेतिकडे चालेल, त्याहून जास्त फरक असेल तर सोडून द्या. शोल्डर कमी करायचा म्हणजे बाही काढून मुंढा (बाही जोडायची गोलाई) नव्याने कापायचा, आणि त्या मजुरीत शर्टाचा स्वस्तपणा संपतो. छाती दोन्ही बाजूंनी मिळून चार इंचांपर्यंत आत घेता येते. त्याहून जास्त दाबली की खिसा काखेकडे सरकतो. लांब बाही कफ काढून इंच-दीड इंच कमी होते, त्यापुढे कफाजवळची चीर फारच आखूड राहते. अशा वेळी सरळ हाफ शर्ट करून घ्यावा.

ब्लेझरलाही शोल्डरचाच नियम, फक्त अधिक कडक. शिवाय खिशांच्या कडा आणि लॅपटॉपच्या बॅगेचा पट्टा घासतो तो खांदा बघा. तिथे गोळे आले असतील तर कापड खरवडलं गेलेलं असतं.

कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर माल नवा असतो. त्यातला बराचसा एक्स्पोर्टचा उरलेला म्हणून विकला जातो आणि अनेक नगांचं लेबल कापलेलं असतं. इथे शर्ट ठीकठाक, पॅन्ट आणि बायकांचे फॉर्मल टॉप बरे. सगळ्यात मोठी खोड तिरक्या कापाची. कपडा खांद्यांत धरून लटकवा. बाजूची शिवण खाली येताना पोटाकडे वळत असेल तर कापड आडव्या-उभ्या धाग्याला सोडून कापलंय. धुतल्यावर ते आणखी पिळतं आणि कोणताही शिंपी सरळ करू शकत नाही. साइजच्या आकड्यावर विसंबू नका, एकाचा ४० दुसऱ्याचा ३८ असतो. पॅन्टची कंबर गळ्याभोवती धरून मापायची पद्धतही अशीच बेभरवशाची, टेपच लावा. गल्ल्या अरुंद आणि दिव्यांच्या उजेडातल्या, तिथे काळा आणि नेव्ही ब्लू ओळखता येत नाही. नग बाहेर एमजी रोडच्या उजेडात नेऊन बघू देत नसतील तर पुढच्या गाळ्यावर जा. भाव सांगतील त्याच्या निम्म्याखाली बोलायला सुरुवात करण्यात तिथे कोणालाच गैर वाटत नाही.

रोजच्या वापराची पॅन्ट मात्र कापड घेऊन शिवलेलीच परवडते. लक्ष्मी रस्त्यावर ५८ इंच पन्न्याचं पॉलिएस्टर-व्हिस्कोस कापड साधारण सव्वा मीटर पुरतं, उंच माणसाला दहा-पंधरा सेंटिमीटर जास्त. शुद्ध कॉटन दुचाकीवर दहा मिनिटांत चुरगळतं, हे कापड फारसं चुरगळत नाही. शिंप्याला मागच्या शिवणीत दीड इंच कापड सोडायला सांगा, म्हणजे कंबर वाढली तरी पॅन्ट कामी येते. एक गडद राखाडी, एक नेव्ही, आणि वर जुने चार शर्ट एवढ्यात आठवडा निघतो. फिकट पॅन्ट पावसाळ्यात चिखलाच्या शिंतोड्यांनी वाया जाते.

कुर्ता घालणाऱ्यांनी जुनी सुती साडी विसरू नये. साडेपाच मीटरमधला काठाजवळचा, फॉल लागलेला भाग विरलेला असतो, मधला सहसा टिकून असतो, आणि कुर्त्याला अडीच मीटर पुरतं. आत अस्तर हवंच, पण ते रात्रभर भिजवून, वाळवून मग शिवायला द्या. नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि कुर्त्याचा घेर चुण्या पडून वर ओढला जातो. खालची पॅन्ट किंवा लेगिंग तुळशीबागेतून नवी घ्यावी. जाताना कुर्ता सोबत न्या, आठवणीतला रंग कधीच जुळत नाही. आता शेजारच्या मंडईला मेट्रो थांबते, त्यामुळे गाडी लावायची कटकट तरी वाचते.

आता अल्टरवाला. या सगळ्या व्यवहाराचा नफा-तोटा त्याच्या मशिनवर ठरतो. दसरा-दिवाळी आणि लग्नसराईत अल्टरचं काम मागे पडतं, तेव्हा त्याआधी किंवा नंतर गाठा. देण्यापूर्वी कपडा धुतलेला असलाच पाहिजे. सुती आणि रंगीत शर्ट आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने आतून चोळून पाहा. रंग लागला तर वेगळा धुवा. पक्क्या रंगाचा सुती शर्ट साठ अंशाच्या पाण्यात अर्धा तास भिजवला की घाणही निघते आणि आटायचं तेवढं आटून जातं. ब्लेझर ड्रायक्लीनला. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन-तीन दिवस वाऱ्यावर टांगल्याशिवाय जात नाही, अत्तर मारून तर अजिबात नाही. अल्टर करताना 'जादा कापड कापू नका, नुसती टीप मारा' असं स्पष्ट सांगा. चार-सहा वेळा घालून फिटिंग पटलं की मग कापून इंटरलॉक करून घ्या.

खरेदी आणि अल्टर मिळून खर्च तशाच नव्या शर्टाच्या निम्म्याच्या वर जात असेल तर तो शर्ट घेऊ नये. आणि एखादं बटण तुटलंय म्हणून चांगला नग सोडूही नये. सगळ्यात खालचं, पॅन्टमध्ये खोचलं जाणारं बटण काढून वर लावा, आणि खाली मिळेल ते टाका.