नागपुरातली द्विभाषिक आंतरराष्ट्रीय शाळा: आठवीपर्यंत भक्कम, नववीचं आधी विचारून घ्या

माझी लेक सहावीपासून या शाळेत आहे, आता आठवी संपत आली. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण ती अजून तिथेच शिकते आणि माझ्या काही तक्रारीही आहेत. शाळा रिंग रोडच्या पलीकडे आहे, अभ्यासक्रम केंब्रिजचा, आणि माहितीपत्रकात माध्यमिक विभागाला ‘द्विभाषिक’ म्हटलेलं. मी स्वतः एका मराठी शाळेत नववी-दहावीच्या सेमी इंग्रजी तुकड्यांना विज्ञान शिकवते. दोन भाषांत शिकताना पोरं कुठे अडतात ते रोज फळ्यासमोर बघते, त्या नजरेनेच हे लिहितेय.

मराठी विषय असणं वेगळं आणि शाळा द्विभाषिक असणं वेगळं. मराठी तर २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना सक्तीची आहे. त्या वर्षी पहिली आणि सहावीपासून सुरुवात झाली, पुढे दरवर्षी एकेक इयत्ता वाढत गेली. कायदा मोडणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे. तेव्हा ‘आमच्याकडे मराठी शिकवतात’ एवढ्यावर कोणत्याही शाळेने पालकांना भुलवू नये. खरं बघायचं ते हे, की विज्ञान, इतिहास, भूगोल समजून घेताना मुलं मराठीत विचार करतात का, मराठीत लिहितात का.

इथे करतात आणि लिहितातही. शाळा वर्षातून एक दिवस पालकांना वर्गात मागच्या बाकावर बसू देते. मी सातवीच्या विज्ञानाच्या तासाला बसले होते. मॅडमनी प्रश्न टाकला, मे महिन्यात घर गार करणारा कूलर जुलैत नुसता चिकचिक का करतो? नागपूरच्या पोरांना कूलर काही समजावून सांगावा लागत नाही. गवताच्या ताट्या बदलणं, टाकीत पाणी भरणं, सगळं घरी केलेलं असतं. चर्चा मराठीत पेटली, मधूनमधून हिंदीतही. एक मुलगा म्हणाला, ‘‘हवेत पाणी आधीच असते मॅम, अजून कुठं मावणार?’’ लगेच मागून एकीने विचारलं, ‘‘मग पावसाळ्यात पंख्याने बरं काहून वाटते?’’ मॅडमनी उत्तर सांगितलं नाही. हाताला ओला बोळा पुसायला लावला, फुंकर मारायला लावली, आणि घाम, वारा, बाष्पीभवन, हवेतला ओलावा हे पोरांकडूनच काढून घेतलं. कारण पक्कं झाल्यावर मग म्हणाल्या, आता हेच इंग्रजीत चार ओळींत लिहा.

हे मला फार मोलाचं वाटलं. केंब्रिजच्या पेपरात ‘कारण द्या’ असं विचारलं आणि मुलाने नुसतं काय घडतं तेच लिहिलं, तर गुण मिळत नाहीत. इंग्रजी फाडफाड बोलणारी मुलंसुद्धा तिथे गळतात. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्यापुरती भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला होता. दुसऱ्या भाषेत बोलणं दोनेक वर्षांत जमतं, पण तिच्यात अभ्यास पेलायला पाच ते सात वर्षं लागतात, असं त्यांच्या कामातून पुढे आलं. मधली इतकी वर्षं मुलाने कारणमीमांसा कोणत्या भाषेत करायची? घरच्या भाषेत करू दिली तर डोकं थांबत नाही. माझ्या सेमीच्या वर्गात मी हेच करते. लेकीच्या महागड्या शाळेत ते आडून नाही, उघडपणे आणि ठरवून चालतं, याचा मला खरंच आनंद आहे.

दुसरं काम अंबाझरीच्या पुराचं. २३ सप्टेंबर २०२३ ला भल्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी पाण्यात गेली. सातवीच्या ‘ग्लोबल पर्स्पेक्टिव्ह्ज’ (आजूबाजूच्या आणि जगाच्या प्रश्नांचा अभ्यास) या विषयात मुलांनी हाच पूर घेतला. गटागटाने त्या वस्त्यांत जाऊन लोकांशी बोलले. लेकीच्या गटाला एक आजी भेटल्या. त्यांचं बोलणं वहीत जसंच्या तसं उतरवलंय: ‘‘पाणी येऊन राहिलं होतं अन् लाइट नव्हती. पलंगावर उभी राहिली मी, तर पाणी पलंगालेही लागलं.’’ मराठीच्या सरांनी त्यातलं एक अक्षर ‘शुद्ध’ केलं नाही. आजी बोलल्या तसंच राहू दे, म्हणाले.

अहवाल इंग्रजीत झाला, नकाशा आणि पावसाच्या आकड्यांसकट. पण त्याबरोबर प्रत्येक गटाने तळमजल्यावर राहणाऱ्यांसाठी एक मराठी पत्रक लिहायचं होतं. लेकीच्या पत्रकातलं पहिलं वाक्य, ‘मेन स्विच आधी बंद करा, सामान नंतर उचला.’ कोणाला सांगायचंय आणि आधी काय सांगायचंय हे कळल्याशिवाय असं वाक्य लिहिता येत नाही. सातवीतल्या मुलीने ते लिहिलं, यातच मला शाळेची पावती मिळाली.

हिंदीबद्दलही सांगायला हवं. हे शहर १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत-वऱ्हाडचं आणि मग जुन्या मध्य प्रदेशचं, म्हणजे हिंदी आणि मराठी दोन्ही भाषांच्या राज्याचं होतं. आजही पोरं घरी मराठी, बसमध्ये हिंदी बोलतात. वर्गाबाहेर इंग्रजी बोलली नाहीत म्हणून इथे ना दंड, ना शेरा. मुलांना ही मोकळीक हवीच.

आता जे खटकतं ते. वाचनालयात मराठीची दोन कपाटं, आणि त्यांत बहुतेक लहान मुलांच्या गोष्टी. आठवीच्या मुलीने वाचावं असं फार थोडं. आम्ही काही पालकांनी घरची पुस्तकं नेऊन दिली, ती शाळेने आनंदाने घेतली, पण हे काम आमचं नव्हे. सगळ्या सूचना फक्त इंग्रजीत येतात. नातवंडांना आणायला येणाऱ्या आजी-आजोबांना त्या दुसऱ्याकडून वाचून घ्याव्या लागतात. सुरुवातीला बदलीवर आलेल्या परप्रांतीय कुटुंबांतली मुलं आणि मराठी घरातली मुलं एकाच मराठीच्या तासाला बसायची. एकाला बाराखडी, दुसऱ्याला कंटाळा. गेल्या वर्षीपासून दोन गट केलेत, तेव्हापासून बरं चाललंय.

खरी तक्रार नववीची आहे. नववी-दहावी ही आयजीसीएसईची, म्हणजे केंब्रिजच्या दहावीच्या परीक्षेची, दोन वर्षं. तिथे मराठीच्या तासिका पाचवरून दोनवर येतात, इतिहास-भूगोल पूर्ण इंग्रजीत जातात, आणि मराठीला उरते ती शाळेपुरती श्रेणी. प्रवेशाच्या वेळच्या सादरीकरणात याचा उल्लेखसुद्धा नव्हता. समन्वयक सरांना भेटले. ते शांतपणे बोलले, मराठीतच बोलले, पण मुद्दा एकच होता: परीक्षा इंग्रजीत, वेळापत्रकात जागा नाही. अडचण मला कळते, मीही वेळापत्रकं बनवते. पण चौदा-पंधराव्या वर्षी मूल मोठ्यांचं लिखाण वाचायला लागतं, मत मांडायला लागतं. सहावी ते आठवी जी मराठी इतक्या कष्टाने अभ्यासाची भाषा केली, ती नेमकी याच वयात काढून घ्यायची आणि विभागाचं नाव मात्र ‘द्विभाषिक’ ठेवायचं, हे मला मुळीच पटत नाही. इतिहासाचा निदान एक प्रकल्प दरवर्षी मराठीत असावा, असं आम्ही पालकांनी लेखी दिलंय. उत्तर अजून यायचंय.

फी वर्षाला दोन लाखांच्या वर, बस वेगळी. एवढ्या पैशात प्रयोगशाळा चांगली, शिक्षक टिकून आहेत, आणि वर्गात मुलं कमी. मला फी जड जाते, पण आठवीपर्यंतच्या शिक्षणाला नावं ठेवणार नाही. प्रवेश घ्यायचाच तर सहावीला घ्या, म्हणजे ही तीन वर्षं पूर्ण मिळतात. आठवीला आलात तर फीच्या मानाने हाती फार थोडं लागेल. आणि दहावी राज्य मंडळातूनच करायची असेल, तर चांगली सेमी इंग्रजी शाळा निम्म्याहून कमी खर्चात यातलं पुष्कळ देऊ शकते. फक्त तिथल्या विज्ञान शिक्षकांचा तास बघून मग ठरवा.

या शाळेत भेटीला जाल तेव्हा सातवीतल्या एखाद्या मुलाची प्रकल्पवही आणि नववीचं छापील वेळापत्रक, दोन्ही मागा. वही ते स्वतःहून दाखवतात. वेळापत्रक हातात पडल्याशिवाय फीचा चेक देऊ नका.